कामगार संघटना, नगरसेवक आणि सभासदाची सदसद्विवेकबुद्धी

बंगळूर शहराच्या आग्नेयेस, होसूर आणि सर्जापूर या दोन रस्त्यांच्या मधल्या प्रदेशात एचएसआर लेआउट नावाची मोठी वसाहत आहे. त्या दोन रस्त्यांच्या आद्याक्षरांवरूनच तिला हे नाव मिळाले. बंगळूर विकास प्राधिकरणाने आखलेली, सात सेक्टरांत विभागलेली ही वसाहत एकेकाळी शहराबाहेरची समजली जात असे. आज तेथे संगणक कंपन्यांची कार्यालये, उंच इमारती, उपाहारगृहे आणि देशाच्या सर्व प्रांतांतून आलेली सुशिक्षित कुटुंबे आहेत. मराठी कुटुंबांचीही त्यांत भर आहे. या कुटुंबांची झोप उडण्यापूर्वीच रस्ते झाडून झालेले असतात. घंटागाडी येऊन जाते, पहारेकऱ्याची पाळी बदलते, घरकाम करणाऱ्या बायका पायी किंवा बसने येऊन पोहोचतात, आणि दुपारपर्यंत खाद्यपदार्थांचे डबे पोहोचविणाऱ्या तरुणांच्या दुचाकी प्रत्येक गल्लीत दिसू लागतात. होसूर रस्त्याला लागूनच बोम्मनहळ्ळी आहे. तयार कपड्यांच्या कारखान्यांतून हजारो स्त्रिया तेथे शिवणयंत्रापुढे बसतात. एचएसआर लेआउट आणि बोम्मनहळ्ळी हे दोन्ही भाग एकाच विधानसभा मतदारसंघात मोडतात. इमारतीत राहणारे आणि इमारत चालविणारे अशा दोन वर्गांनी मिळून येथला प्रतिनिधी निवडावयाचा असतो.

वाचकहो, अशा ठिकाणी नगरसेवकाची निवडणूक येते तेव्हा एक जुना प्रश्न नव्याने उभा राहतो. सफाई कामगारांच्या, शिवणकाम करणाऱ्या स्त्रियांच्या, घरकामगारांच्या किंवा संगणक कर्मचाऱ्यांच्या संघटनेने आपल्या सभासदांना, अमुक उमेदवाराला मत द्या, असे सांगावे काय? सांगितले तर ते योग्य मार्गदर्शन होईल, की दुर्बळांच्या मतांचा गठ्ठा बांधण्याचा तो आणखी एक प्रकार ठरेल? आणि ज्या सभासदाला तो उमेदवार पसंत नाही, त्याने काय करावे? प्रश्न वरवर राजकारणाचा दिसतो. परंतु त्याच्या मुळाशी माणसाच्या सदसद्विवेकबुद्धीचा आणि बंधुभावाचा संबंध आहे, म्हणून या पानांतून त्याचा विचार करणे अस्थानी होणार नाही.

प्रथम जो आक्षेप सर्वत्र ऐकू येतो तो घेऊ. संघटनेने पगार, रजा, बोनस यांविषयी बोलावे. निवडणुकीशी तिला काय कर्तव्य, असे अनेक सज्जन म्हणतात. त्यांच्या मनात एक चित्र असते. कारखान्याचे फाटक हीच कामगाराच्या जीवनाची सीमा, आणि फाटकाबाहेर तो इतरांसारखाच एक नागरिक. हे चित्र अपुरे आहे. बोम्मनहळ्ळीच्या परिसरात कपडे शिवणाऱ्या स्त्रीच्या पगारात चार पैशांची वाढ झाली, आणि तिच्या वस्तीत नळाला पाणी नसल्यामुळे ते चार पैसे टँकरवाल्याच्या हाती गेले, तर संघटनेने मिळविले ते नगरपालिकेने घालविले असेच म्हणावे लागेल. रात्रीच्या पाळीनंतर ज्या रस्त्याने ती घरी परतते त्या रस्त्यावर दिवा आहे की नाही, तिच्या मुलासाठी पाळणाघर आहे की नाही, बाजारात स्त्रियांसाठी स्वच्छतागृह आहे की नाही, हे प्रश्न मालकाच्या कक्षेत येत नाहीत. ते प्रभागाच्या कक्षेत येतात. मजुरीचा निम्मा भाग कारखान्यात ठरतो आणि निम्मा वस्तीत ठरतो, असे म्हटले तर अतिशयोक्ती होऊ नये.

याच स्त्रियांनी एप्रिल २०१६ मध्ये देशाला चकित केले होते. भविष्य निर्वाह निधीतील मालकाच्या हिश्श्याची रक्कम अठ्ठावन्न वर्षांपर्यंत काढता येणार नाही, असा नियम केंद्र सरकारने केला होता. शिवणकामाच्या धंद्यात त्या वयापर्यंत टिकणारी स्त्री विरळा. १८ व १९ एप्रिल या दोन दिवशी बंगळूरच्या कापड कारखान्यांतील हजारो कामगार, त्यांत बहुतांश स्त्रिया, होसूर रस्त्यावर व इतरत्र उतरल्या. कोणत्याही मोठ्या पुढाऱ्याने त्यांना हाक दिली नव्हती. दुसऱ्या दिवशी सरकारने नियम मागे घेतला. या घटनेतून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. ज्यांचे म्हणणे ऐकण्यासाठी कोणी बसलेले नसते त्यांना महामार्ग अडवावा लागतो. परंतु गल्लीतल्या दिव्यासाठी आणि तुंबलेल्या गटारासाठी दर वेळी महामार्ग अडविता येत नाही. त्यासाठी प्रभागात आपले म्हणणे मांडणारा माणूस लागतो, आणि तो मिळविण्याचा सरळ व शांततेचा मार्ग म्हणजे निवडणूक.

बंगळूरच्या बाबतीत तर हा मार्गही दीर्घकाळ बंद राहिला. बृहत् बंगळूर महानगरपालिकेची शेवटची निवडणूक ऑगस्ट २०१५ मध्ये झाली. निवडून आलेल्या सभागृहाची मुदत सप्टेंबर २०२० मध्ये संपली, आणि त्यापुढची पाच वर्षे प्रशासकांच्या कारभारात गेली. सप्टेंबर २०२५ मध्ये त्या एका महापालिकेच्या जागी पाच महापालिका स्थापन झाल्या. ज्या देशात १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांना घटनात्मक स्थान दिले, त्या देशातील एका अग्रगण्य शहराला इतकी वर्षे नगरसेवकाविना राहावे लागले. श्रीमंतांचे त्यामुळे फारसे अडले नाही. त्यांच्या इमारतींच्या समित्या अधिकाऱ्यांना थेट पत्रे लिहितात, आणि त्यांची पत्रे वाचली जातात. अडले ते ज्यांना इंग्रजीत पत्र लिहिता येत नाही त्यांचे.

येथे आपण स्वतःला एक अवघड प्रश्न विचारावयास हवा. एचएसआर लेआउटसारख्या वसाहतीत रहिवासी संघ अत्यंत जागरूक असतात. ओला कचरा घरीच कुजवून खत करण्याची तेथील चळवळ अनुकरणीय आहे. त्याच वसाहतीच्या कडेला असलेल्या खत प्रकल्पाच्या दुर्गंधीविरुद्ध रहिवाशांनी अनेक वर्षे चिकाटीने लढा दिला. असा रहिवासी संघ निवडणुकीच्या तोंडावर उमेदवारांना सभागृहात बोलावतो, त्यांना प्रश्न विचारतो आणि मग सभासदांना आपले मत कळवितो, तेव्हा आपण त्याला नागरी जागृती म्हणतो. मग सफाई कामगारांच्या संघटनेने नेमके तेच केले की त्याला गलिच्छ राजकारण का म्हणावे? मालमत्ता असणाऱ्याचे हित म्हणजे सार्वजनिक हित आणि मजुराचे हित म्हणजे स्वार्थ, असा भेद आपल्या मनात नकळत रुजलेला असतो. तो न्याय्य नाही. संघटनेला शिफारस करण्याचा अधिकार नाकारावयाचा असेल तर तो रहिवासी संघालाही नाकारावा लागेल, आणि व्यापारी मंडळालाही.

आपल्या देशाच्या कायद्याने हा अधिकार फार पूर्वीच मान्य केला आहे. १९२६ च्या कामगार संघटना कायद्यात संघटनेला सभासदांच्या नागरी व राजकीय हितासाठी निधी उभारण्याची मुभा होती, आणि त्या निधीच्या हेतूंत विधिमंडळांबरोबरच स्थानिक संस्थांच्या निवडणुकांचाही स्पष्ट उल्लेख होता. उमेदवाराचा खर्च, सभा, पत्रके, इतकेच नव्हे तर मतदारांची नोंदणी करण्याचा खर्चही त्यात बसत असे. मात्र त्याच कलमाने तीन बंधने घातली होती. हा निधी सर्वसाधारण वर्गणीपासून वेगळा असावा. त्यास हातभार लावण्याची सक्ती कोणाही सभासदावर नसावी. आणि जो हातभार लावणार नाही त्याला संघटनेच्या कोणत्याही लाभापासून वंचित ठेवू नये. नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा औद्योगिक संबंध संहितेने घेतली आहे. परंतु वेगळ्या निधीचे आणि स्वेच्छेचे तत्त्व तिनेही राखले आहे.

ही बंधने कोठून आली हे पाहणे उद्बोधक आहे. इंग्लंडमध्ये वॉल्टर ऑसबर्न नावाचा रेल्वेचा एक हमाल होता. तो आपल्या संघटनेचा निष्ठावंत सभासद आणि एका शाखेचा चिटणीस होता. त्याची संघटना सभासदांच्या वर्गणीतून मजूर पक्षाच्या प्रतिनिधींना साहाय्य करीत असे. ऑसबर्न स्वतः उदारमतवादी पक्षाचा. माझ्या पैशाने माझ्या मताविरुद्धचा माणूस का पोसावा, असे म्हणून तो न्यायालयात गेला, आणि १९०९ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायपीठाने त्याच्या बाजूने निकाल दिला. मजुरांच्या चळवळीला हा निकाल फार जाचक वाटला, कारण त्या काळी लोकसभेच्या सभासदाला वेतन नव्हते आणि संघटनेच्या मदतीवाचून कोणी मजूर तेथे बसू शकत नसे. अखेर १९१३ च्या कायद्याने मधला मार्ग काढला. संघटनेने राजकारण करावे. पण सभासदांचे मतदान घेऊन, वेगळ्या निधीतून, आणि नको म्हणणाऱ्याला मोकळे ठेवून. त्या वादात कोणतीही एक बाजू संपूर्णपणे चुकीची नव्हती, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. बहुसंख्य मजुरांना आपला आवाज हवा होता. एका मजुराला आपली सदसद्विवेकबुद्धी हवी होती. चांगल्या नियमाने दोहोंनाही जागा करून द्यावी लागते.

मग आता सर्व प्रश्न मिटला काय? तसे वाटत नाही. स्थानिक निवडणुकीत एक गुंता असा आहे की जो लोकसभेच्या निवडणुकीत तितक्या तीव्रतेने येत नाही. नगरपालिका ही स्वतःच मोठी मालक असते. सफाई कामगारांची संघटना जेव्हा नगरसेवक निवडून आणण्यास निघते, तेव्हा कामगार आपला मालकच निवडू पाहतात. उद्या वेतनवाढीचा ठराव सभागृहापुढे आला, तर संघटनेच्या मदतीने निवडून आलेल्या नगरसेवकाने कोणाचे हित पाहावे? ज्यांनी त्याला उभे केले त्यांचे, की कर भरणाऱ्या सर्व प्रभागाचे?

हा प्रश्न कल्पनेतला नाही. मंगळूरच्या एका ख्रिस्ती घरात १९३० साली जन्मलेला एक मुलगा धर्मगुरू व्हावा म्हणून १९४६ मध्ये बंगळूरच्या सेंट पीटर्स सेमिनरीत धाडला गेला. ते शिक्षण अर्धवट टाकून तो १९४९ मध्ये मुंबईस आला आणि गोदी कामगारांच्या पुढाऱ्यांच्या हाताखाली चळवळीचे धडे घेऊ लागला. तो मुलगा म्हणजे जॉर्ज फर्नांडिस. मुंबईच्या टॅक्सीचालकांचे, बेस्टच्या आणि महापालिकेच्या कामगारांचे पुढारीपण करीत असतानाच ते १९६१ मध्ये मुंबई महापालिकेवर निवडून आले आणि १९६८ पर्यंत नगरसेवक होते. १९६७ मध्ये त्यांनी स. का. पाटील यांचा लोकसभेच्या निवडणुकीत पराभव केला. पाटील स्वतः पूर्वी मुंबईचे महापौर राहिलेले. फर्नांडिस यांची पुढची वाटचाल ज्याला जशी दिसेल तशी दिसो. आपल्यापुढील मुद्दा एवढाच की, ज्या सभागृहात कामगारांचा मालक बसत होता त्याच सभागृहात कामगारांचा पुढारीही बसत होता. त्यांच्या टीकाकारांना यात विसंगती दिसे. कामगारांना मात्र त्यात प्रथमच आपल्या घामाची कोणी सभागृहात नोंद घेत आहे असे वाटे.

या दोन दृष्टींचा मेळ कसा घालावा? माझ्या मते, हितसंबंध असणे हा दोष नव्हे. प्रत्येक मतदार कोणत्या ना कोणत्या हिताने मत देतो. घरपट्टी वाढू नये म्हणून मत देणारा मालमत्ताधारकही आपल्या हितासाठीच मत देतो. कचऱ्याचे ठेके घेणारे ठेकेदारही निवडणुकीत रस घेतात, आणि त्यांचा रस कोणत्याही पत्रकावर छापलेला नसतो. संघटना आपली शिफारस उघडपणे, सभेत, नावानिशी करते. तिच्यावर वर्तमानपत्रात टीका होऊ शकते, शेजारी जाब विचारू शकतो, आणि नगरसेवकाने पुढे पक्षपात केला तर त्याचे कारण सर्वांना ठाऊक असते. लपलेल्या हितापेक्षा सांगितलेले हित समाजाला कमी घातक असते. मात्र त्यासाठी संघटनेने एक मर्यादा पाळावयास हवी. उमेदवाराला प्रश्न विचारावेत, आश्वासने जाहीरपणे घ्यावीत. परंतु सभागृहातील त्याचे मत आपल्याकडे गहाण ठेवून घेऊ नये. जो माणूस गहाण पडून निवडून येतो तो उद्या दुसऱ्या सावकाराकडेही गहाण पडू शकतो.

आता या प्रश्नाची दुसरी, अधिक कठीण बाजू पाहू. सफाई कामगाराची हजेरी मुकादम घेतो. बंगळूरकडे त्यास मेस्त्री म्हणतात. हजेरीपटावर नाव लागले नाही तर त्या दिवसाची मजुरी बुडते. शहराच्या पौरकार्मिकांनी वर्षानुवर्षे ठेकेदारी पद्धतीत दिवस काढले, जुलै २०२२ मध्ये कायम नेमणुकीसाठी संप केला, आणि १ मे २०२५ रोजी त्यांच्यापैकी बारा हजारांहून अधिक जणांना तशी पत्रे मिळाली. संघटनेचे हे फार मोठे यश आहे. परंतु कल्पना करा की एखाद्या प्रभागात मुकादम, संघटनेचा शाखाप्रमुख आणि उमेदवाराचा कार्यकर्ता हे तिघे एकाच मेजाभोवती बसू लागले. मग ज्या स्त्रीला तो उमेदवार पसंत नाही तिला कोणी धमकी देण्याची गरज राहत नाही. तिला ठाऊक असते की लांबची गल्ली कोणाच्या वाट्याला येईल, रजेचा अर्ज कोणाचा मागे पडेल आणि आजारपणात कोणासाठी वर्गणी गोळा होणार नाही. मतपेटी गुप्त असते हे खरे. पण भीतीला मतपेटीत डोकावण्याची आवश्यकता नसते. ज्या संघटनेने तिला मालकाच्या भयापासून सोडविले तिनेच तिच्या मनात दुसरे भय पेरले, तर त्या सुटकेचे मोल काय राहिले?

म्हणून मला वाटते की संघटनेच्या शिफारशीची कसोटी तिने किती मते मिळवून दिली ही नसावी. शिफारस न मानणाऱ्या सभासदाचे दुसऱ्या दिवशी काय झाले, ही तिची कसोटी असावी. त्याला पूर्वीइतक्याच आपुलकीने चहा मिळाला, त्याचा तक्रारअर्ज तितक्याच तत्परतेने लढविला गेला, तर ती शिफारस म्हणजे बंधूचा सल्ला होता. तसे झाले नाही तर ती मालकाची आज्ञाच होती. फक्त मालक बदलला.

या बाबतीत कामगार स्वतः पुढाऱ्यांपेक्षा शहाणे असतात, याचे एक उदाहरण मुंबईच्या इतिहासात आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंत यांच्या शब्दावर लाखो कामगार घरी बसले, उपाशी राहिले, गावी परतले. संप फसला तरी डिसेंबर १९८४ मध्ये त्याच गिरणगावाने डॉक्टरांना लोकसभेत पाठविले. आणि काही महिन्यांनी, १९८५ च्या महापालिका निवडणुकीत, याच वस्त्यांतून शिवसेनेला भरघोस मते पडली. बाहेरच्या निरीक्षकांना हे कोडे वाटले. परंतु त्यात कोडे कसले? गिरणीत तो माणूस कामगार होता, चाळीत तो शेजारी होता, बोलताना तो मराठी होता. दिल्लीला कोणी जावे आणि गल्लीत कोणी यावे याचा निर्णय त्याने वेगवेगळ्या मापाने केला. त्याचे माप बरोबर होते की चूक हा प्रश्न निराळा. पण ते माप त्याचे स्वतःचे होते. कोणतीही संघटना माणसाच्या सर्व नात्यांची बेरीज होऊ शकत नाही, आणि ज्या पुढाऱ्याला हे समजत नाही त्याला सभासद मतदानाच्या दिवशी ते मुकाट्याने समजावून देतात.

आपल्या मंडळीलाही हा धडा नवा नाही. धर्मगुरूंनी व्यासपीठावरून उमेदवाराचे नाव घ्यावे की नाही, याविषयी आपल्यात अनेकदा चर्चा होते. धर्माच्या नावाने मत मागण्यास लोकसभा व विधानसभा निवडणुकांच्या कायद्याने मनाई केली आहे, आणि २ जानेवारी २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने त्या मनाईचा अर्थ अधिक व्यापक केला. कामगार संघटनेस मात्र तशी मनाई नाही. हा भेद का? मला वाटते, संघटना ज्या गोष्टींविषयी बोलते त्या सभासदाला स्वतः मोजून पाहता येतात. पगार, पाणी, हजेरी, निवृत्तिवेतन यांचा हिशेब तो पुढाऱ्याइतकाच जाणतो, आणि पुढाऱ्याचे चुकले तर त्याला सांगू शकतो. परमेश्वराच्या नावाने बोलणाऱ्याशी असा वाद घालणे साध्या माणसाला जड जाते.

पोप जॉन पॉल दुसरे यांनी सप्टेंबर १९८१ मध्ये मानवी श्रमावर जे परिपत्रक काढले त्यात या प्रश्नाचा थेट विचार आहे. तरुणपणी दगडाच्या खाणीत आणि रसायनांच्या कारखान्यात स्वतः काम केलेला हा माणूस. कामगार संघटना सार्वजनिक हिताची चिंता या अर्थाने राजकारणाच्या क्षेत्रात येतात, हे त्यांनी मान्य केले. परंतु सत्तेसाठी झगडणाऱ्या पक्षाचे रूप त्यांनी घेऊ नये आणि कोणत्याही पक्षाच्या फार निकटही जाऊ नये, असे बजावले. तसे झाल्यास संघटना आपले मूळ कार्य गमावते आणि दुसऱ्याच्या हातचे साधन बनते, असा त्यांचा इशारा होता. ज्या काळात त्यांनी हे लिहिले त्या काळात त्यांच्याच मायदेशात ‘सॉलिडॅरिटी’ ही संघटना उभी राहिली होती. पुढे जून १९८९ मध्ये पोलंडच्या निवडणुकीत तिच्या उमेदवारांनी वरिष्ठ सभागृहाच्या शंभरांपैकी नव्व्याण्णव जागा जिंकल्या. विजय नेत्रदीपक होता. पण लवकरच तिच्याच लोकांच्या सरकारने महागाई आणि बेकारी वाढविणारी कठोर आर्थिक धोरणे राबविली, तेव्हा त्या धोरणांविरुद्ध मजुरांच्या बाजूने बोलावे कोणी, हा पेच तिच्यापुढे उभा राहिला. ज्याला आपण सिंहासनावर बसविले त्याच्या दारात घोषणा देणे फार कठीण जाते.

यावरून स्थानिक निवडणुकीसाठी काही नियम आपोआप सुचतात. शिफारस सभासदांच्या सभेत, चर्चा होऊन ठरावी. पुढाऱ्याच्या घरी ठरू नये. ती पाणी, हजेरी, पाळणाघर, स्वच्छतागृह अशा मोजता येणाऱ्या प्रश्नांवर आधारलेली असावी, जेणेकरून पाच वर्षांनी हिशेब मागता येईल. तिच्यासाठी लागणारा पैसा वेगळा असावा व स्वेच्छेने दिलेला असावा. हजेरीपटाशी ज्याचा संबंध आहे त्याने प्रचारापासून दूर राहावे. आणि मतमोजणीच्या दुसऱ्या दिवसापासून संघटनेने निवडून आलेल्या प्रत्येक नगरसेवकाला, मग तो आपल्या शिफारशीचा असो वा नसो, सारखाच जाब विचारण्यास मोकळे असावे.

एक गोष्ट अजून राहिली, आणि ती कदाचित सर्वांत महत्त्वाची आहे. एचएसआर लेआउटमध्ये जे काम करतात त्यांपैकी पुष्कळांचे मतच तेथे नाही. कोणाचे नाव उत्तर कर्नाटकातील खेड्याच्या यादीत आहे, कोणाचे आंध्रात, कोणाचे बिहारात, कोणाचे ओरिसात. डबे पोहोचविणाऱ्या तरुणाच्या पायाखाली दिवसभर जो रस्ता असतो त्याच्या खड्ड्यांविषयी मत देण्याचा अधिकार त्याला नाही. संघटनेच्या शिफारशीने मतांचा गठ्ठा तयार होईल अशी भीती आपण बाळगतो. प्रत्यक्षात गठ्ठा बांधण्याइतकी मतेच पुष्कळ संघटनांकडे नाहीत. अशा ठिकाणी संघटनेची शिफारस हा बहुधा मत नसलेल्यांचा मत असलेल्यांना केलेला अर्ज असतो. आम्ही येथे राबतो, आमचे नाव यादीत नाही, तुम्ही मत द्याल तेव्हा आमचाही विचार करा, एवढेच तिचे म्हणणे असते. तो अर्ज ऐकणे अथवा न ऐकणे हे मत असणाऱ्याच्या हाती आहे. या नात्यात बळजबरी कोठे आहे?

म्हणून सुज्ञ वाचकहो, आपण बंगळूरात असा, पुण्यात असा वा नागपुरात, आपल्या प्रभागात निवडणूक येईल तेव्हा एखाद्या कामगार संघटनेचे पत्रक हाती पडले तर ते न वाचता टाकू नका. त्यातले नाव पसंत पडले नाही तर खुशाल दुसऱ्याला मत द्या. तो आपला अधिकार आहे, आणि तोच अधिकार त्या संघटनेतील शेवटच्या सभासदालाही असला पाहिजे हे विसरू नका. आपण स्वतः एखाद्या संघटनेचे, पतपेढीचे वा रहिवासी संघाचे पदाधिकारी असाल, तर आपल्या शिफारशीविरुद्ध मत देणारा सभासद तसे मोकळेपणाने आपल्यापुढे बोलू शकतो काय, हे एकदा तपासून पाहा. आणि आपल्या घरी काम करणाऱ्या बाईला तिचे नाव कोणत्या गावच्या मतदार यादीत आहे हे विचारा. ते येथे आणावे अशी तिची इच्छा असेल तर अर्ज भरण्यास तिला मदत करा. त्या दिवशी तिला भरपगारी सुट्टीही द्या. ती कोणाला मत देणार हे मात्र विचारू नका.